बोलीच्या बाजारात भावाची पाटी

इंटरनेटवरील लिलाव म्हणजे ‘ईबे’, हे समीकरण विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर रूढ झाले होते. अडगळीतले जुने घड्याळ असो वा दुर्मीळ टपाल तिकीट, विक्रेत्याने त्याचे छायाचित्र व माहिती संकेतस्थळावर मांडायची, काही दिवस बोली लागू द्यायची आणि मुदत संपेल तेव्हा ज्याची बोली सर्वाधिक असेल त्याला वस्तू द्यायची, अशी ही साधी पद्धत. २००० सालच्या अखेरीस, नाताळच्या खरेदीचा हंगाम तोंडावर असताना, या कंपनीने आपल्या अमेरिकी संकेतस्थळावर ‘बाय इट नाऊ’ ही सुविधा आणली. विक्रेत्याने सांगितलेली किंमत मोजण्याची तयारी असेल, तर ग्राहकाने लिलाव संपण्याची वाट न पाहता वस्तू तत्काळ विकत घ्यावी, एवढेच तिचे स्वरूप होते.

वरकरणी ही ग्राहकाच्या सोयीसाठी केलेली किरकोळ भर वाटत होती. प्रत्यक्षात तिने ऑनलाइन बाजारातील एका मूलभूत प्रश्नाला हात घातला. वस्तूचा भाव ठरवायचा कोणी? लिलावात तो ग्राहकांच्या चढाओढीतून ठरतो. ‘बाय इट नाऊ’मध्ये तो विक्रेत्याला आधीच सांगावा लागतो. भाव सांगण्याचा अधिकार मिळाला म्हणून काही विक्रेत्यांना ही सुविधा सोयीची होती, तर भाव चुकण्याची जोखीमही आपल्याच पदरात पडणार म्हणून काहींना ती धास्तीची होती. पुढील आठ-नऊ वर्षांत या बाजाराचे रूप पालटले आणि ज्या छोट्या विक्रेत्यांच्या बळावर तो उभा राहिला होता, त्यांचे त्यातील स्थानही बदलले. आज भारतातही लाखो छोटे व्यावसायिक ऑनलाइन बाजारमंचांवर माल विकत आहेत. त्या पार्श्वभूमीवर या बदलाचा हिशेब पुन्हा मांडणे उद्बोधक ठरेल.

गर्दीने ठरवलेला भाव

कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे पिएर ओमिड्यार या संगणक अभियंत्याने सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ या नावाने हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. त्याला १४.८३ डॉलर मिळाले. ही हकिकत गंमत म्हणून वारंवार सांगितली जाते. परंतु लिलावाचे सारे मर्म तिच्यात सामावलेले आहे. बिघडलेल्या पॉइंटरची किंमत किती असावी, हे कोणताही दुकानदार सांगू शकला नसता. जगाच्या पाठीवर कुठेतरी तो हवा असलेला माणूस आहे, आणि त्याला किती पैसे द्यावेसे वाटतात हे बोली लागल्याखेरीज कळणार नाही, या एकाच गृहीतकावर हा व्यवहार उभा होता.

महाराष्ट्राला हे तत्त्व नवे नाही. बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा शेतकऱ्याने भाव सांगायचा नसतो. तो व्यापाऱ्यांच्या चढाओढीतून निघतो. व्यापारी पुरेसे आणि त्यांच्यात खरी स्पर्धा असेल, तर शेतकऱ्याला योग्य मोल मिळते. व्यापारी मोजकेच असले किंवा त्यांनी आपसांत संगनमत केले, तर तोच लिलाव शेतकऱ्याच्या मुळावर येतो. म्हणजेच लिलावाचे यश बोली लावणाऱ्यांच्या गर्दीवर अवलंबून असते. ‘ईबे’ने ही गर्दी जमवली, हेच तिचे खरे भांडवल होते. खुद्द कंपनी मालाची मालक नव्हती; तिची भूमिका अडत्याची होती. वस्तू मांडण्याचे अल्प नोंदणी शुल्क आणि विक्री झाल्यास अंतिम किमतीवर ठरावीक टक्के दलाली, हे तिचे उत्पन्न. २००० साली पहिल्या २५ डॉलरवर ५ टक्के आणि त्यापुढील एक हजार डॉलरपर्यंतच्या रकमेवर अडीच टक्के, असा दलालीचा दर होता.

बोलीची पद्धतही विचारपूर्वक योजलेली होती. ग्राहकाने आपली कमाल मर्यादा एकदाच नोंदवायची. प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यापुरतीच रक्कम संगणक आपोआप वाढवत जातो. परिणामी जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून किंचित अधिक रक्कम मोजावी लागते. १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या लिलावाच्या सिद्धांताशी ही पद्धत बरीच मिळतीजुळती होती.

असे असले तरी लिलावाला वेळ लागतो. तीन, पाच, सात किंवा दहा दिवसांची मुदत त्या काळी विक्रेत्याला निवडता येत असे. तोवर माल अडकून पडे, पैसाही अडकून पडे. ग्राहकाच्या बाजूनेही अडचण होतीच. आठवडाभर लक्ष ठेवून अखेरच्या मिनिटाला दुसऱ्याच कोणी बाजी मारली, तर सारा खटाटोप वाया जाई. अखेरच्या क्षणी बोली लावण्याची ही प्रवृत्ती किती बोकाळली होती, हे ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. नाताळच्या भेटवस्तूसाठी तर अशी अनिश्चितता परवडणारीच नव्हती. डिसेंबरच्या मध्यावर सुरू झालेला सात दिवसांचा लिलाव जिंकूनही टपालाने वस्तू वेळेत पोहोचेल, याची शाश्वती कोण देणार?

एका बटणाचा खेळ

या अडचणींवर तोडगा काढण्याची कल्पना ‘ईबे’ची एकटीची नव्हती. ‘याहू’ आणि ‘ॲमेझॉन’ या तिच्या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लिलावस्थळांवरही ठरावीक किमतीला लिलाव संपवण्याची सोय होती. फरक होता तो तपशिलात. आणि विक्रेत्यांच्या दृष्टीने हा तपशीलच कळीचा ठरला.

‘याहू’वर विक्रेत्याने सांगितलेली खरेदी किंमत लिलाव संपेपर्यंत कायम राहत असे. ‘ईबे’वर मात्र पहिली बोली लागताच ‘बाय इट नाऊ’चे बटण नाहीसे होई. विक्रेत्याने गुप्त राखीव किंमत ठेवली असेल, तर बोली त्या किमतीपर्यंत पोहोचेस्तोवर ते टिके. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्याने जुना कॅमेरा एक डॉलरच्या मूळ बोलीने मांडला आणि शंभर डॉलर ही तत्काळ खरेदीची किंमत ठेवली. शंभर डॉलर देऊ शकणारा ग्राहक संध्याकाळी येणार आहे. पण सकाळीच कोणीतरी एक डॉलरची बोली लावून मोकळा झाला. बटण गेले. आता संध्याकाळच्या ग्राहकालाही आठवडाभर थांबावे लागणार. तो थांबला तर लिलाव कदाचित एकशे वीसवर जाईल. कंटाळून दुसरीकडे गेला, तर साठावर आटोपेल.

बटण घालवण्यासाठीच क्षुल्लक बोली लावण्याची युक्ती ग्राहकांच्या लवकरच ध्यानात आली. त्यामुळे विक्रेत्यापुढे पेच उभा राहिला. मूळ बोली कमी ठेवली तर गर्दी जमते, पण बटण टिकत नाही. मूळ बोली चढी ठेवली तर बटण टिकते, पण गर्दी फिरकत नाही. बोलीचा उत्साह आणि निश्चित भावाची खात्री या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पदरात पाडून घेणे अवघड होते. पुढे अमेरिकेतील संकेतस्थळावर नियम बदलले. तत्काळ खरेदीची किंमत मूळ बोलीहून किमान ३० टक्के अधिक असावी, अशी अटही आली. परंतु मूळ पेच त्याने सुटला नाही, केवळ सौम्य झाला.

विक्रेत्यांतील दोन तट

या सुविधेचा लाभ कोणाला आणि तोटा कोणाला, हे विक्रेता काय विकतो यावर अवलंबून होते. नवी कोरी पुस्तके, सीडी, संगणकाचे सुटे भाग, मोबाइलची उपकरणे अशा एकसारख्या मालाच्या विक्रेत्याला बाजारभाव ठाऊकच असतो. त्याच्यासाठी लिलाव म्हणजे निव्वळ कालापव्यय. एकाच प्रकारचे पन्नास नग पन्नास वेगवेगळ्या लिलावांत विकण्यापेक्षा एक भाव लावून मोकळे होणे त्याला कितीतरी सोयीचे. माल लवकर हलतो, पैसा लवकर फिरतो, त्याच भांडवलावर महिन्यात दोनऐवजी चार फेऱ्या होतात. पातळ नफ्यावर धंदा करणाऱ्याला या फेऱ्यांचे मोल अधिक असते.

याउलट नाणी, तिकिटे, जुनी खेळणी, दुर्मीळ छायाचित्रे, वारसाहक्काने आलेल्या चीजवस्तू विकणाऱ्यांची स्थिती निराळी. त्यांच्या प्रत्येक वस्तूचा नग एकच. तिचा भाव त्यांनाही नीटसा ठाऊक नसतो. किंबहुना म्हणूनच ते लिलावाकडे आलेले असतात. लिलावात मूळ बोली चुकून कमी ठेवली गेली, तरी जाणकार ग्राहक दोन असले की ती चूक आपोआप दुरुस्त होते. एकाला वस्तूचे खरे मोल कळले, तसे दुसऱ्यालाही कळते, आणि बोली चढत जाते. तत्काळ खरेदीत ही दुरुस्ती होत नाही. आजोबांच्या पेटीत सापडलेले दुर्मीळ तिकीट अज्ञानापोटी वीस डॉलरला मांडले, तर पहिला जाणकार ते मिनिटभरात उचलून नेतो. विक्रेत्याला आपली चूक कळते ती विक्री झाल्यावर, तीही कळली तर.

तिसरा वर्ग या दोहोंच्या मध्ये होता. घरी बसून, फावल्या वेळात, जुन्या बाजारांतून वस्तू वेचून आणून विकणारे अनेक जण ‘ईबे’वर होते. कित्येकांनी नोकरी सोडून हाच पूर्णवेळ व्यवसाय केला. त्यांचे कसब वस्तू हेरण्यात होते. लिलावामुळे भाव ठरवण्याचे काम त्यांच्या अंगावर नव्हते. ती जबाबदारी ग्राहकांची गर्दी उचलत होती. निश्चित किमतीच्या दिशेने बाजार सरकू लागला, तशी त्यांना दुकानदारीची सारी अंगे आत्मसात करणे भाग पडले. स्पर्धकाचा भाव पाहणे, आपला भाव रोज वर-खाली करणे, साठा ठेवणे, तो संपण्याआधी पुन्हा भरणे, ही ती अंगे होत. ज्याच्याकडे गोदाम आणि भांडवल आहे, त्याला ती सहज जमतात. एकट्यादुकट्याला ती पेलवतीलच असे नाही.

अर्थशास्त्राची साक्ष

निश्चित किंमत आणि बोली यांपैकी विक्रेत्याला अधिक पैसे कशात मिळतात, या प्रश्नाने अर्थशास्त्रज्ञांनाही आकर्षित केले. सरळ विचार केला, तर भावावर मर्यादा घालणारी सुविधा विक्रेत्याने स्वीकारावीच कशाला, असे वाटते. शंभर डॉलरला वस्तू देण्याची तयारी दाखवली, म्हणजे एकशे वीस मिळण्याची शक्यता सोडून दिली. एरिक बुडिश आणि लिसा ताकेयामा यांनी २००१ मध्येच या कोड्याचे एक उत्तर मांडले. ग्राहकाला जोखीम नको असेल, तर वस्तू निश्चितपणे मिळावी म्हणून तो थोडी अधिक किंमत मोजायला तयार होतो, आणि त्याच्या या सावधपणाचा लाभ विक्रेत्याला मिळू शकतो. वाट पाहण्याचा कंटाळा असलेल्या ग्राहकाबाबतही असाच युक्तिवाद पुढे इतर अभ्यासकांनी केला. थोडक्यात, ‘बाय इट नाऊ’ची किंमत म्हणजे ग्राहकाच्या अधीरतेवर लावलेले अधिमूल्य होय.

तथापि, माणसे नेहमी हिशेबाने वागत नाहीत, हेही याच बाजाराने दाखवले. उलरिके माल्मेंडिअर आणि यंग हान ली यांचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘कॅशफ्लो १०१’ हा एक बैठा खेळ ‘ईबे’वर एकाच वेळी लिलावातही उपलब्ध होता आणि निश्चित किमतीलाही. त्यांनी तपासलेल्या लिलावांपैकी ४२ टक्के लिलावांत अंतिम बोली त्याच वेळी उपलब्ध असलेल्या निश्चित किमतीहून वर गेली. टपालखर्च धरला तर हे प्रमाण आणखी वाढत होते. शेजारच्याच पानावर कमी किमतीत मिळणारी वस्तू बोलीच्या भरात अधिक दामाला घेणारे ग्राहक होते, असा याचा अर्थ. लिलावाची झिंग विक्रेत्याच्या पथ्यावर पडत होती. निश्चित किमतीकडे वळताना विक्रेत्याने या झिंगेवरही पाणी सोडले.

मग लिलाव मागे का पडला? लिरान आयनाव, कियारा फार्रोनातो, जोनाथन लेव्हिन आणि नील सुंदरेसन या चौघांनी ‘ईबे’च्याच प्रचंड विदेचा अभ्यास करून २०१८ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांच्या मते लिलाव आणि निश्चित किंमत यांतील निवड म्हणजे स्पर्धेतून भाव शोधणे आणि सोय या दोहोंमधील निवड. संकेतस्थळावर येणारा माल बदलला किंवा विक्रेते अधिक अनुभवी झाले, म्हणून लिलाव घटले असे त्यांना आढळले नाही. त्याच प्रकारच्या मालासाठी आणि त्याच विक्रेत्यांसाठी हिशेब बदलला होता. ग्राहकांची लिलावाबद्दलची ओढ तुलनेने ओसरली, हे त्यामागील अधिक महत्त्वाचे कारण होते.

हा निष्कर्ष विक्रेत्यांच्या प्रतिक्रियेवर वेगळाच प्रकाश टाकतो. बटण आल्यामुळे लिलाव मेला, अशी भावना अनेक जुन्या विक्रेत्यांच्या मनात घर करून राहिली. वस्तुस्थिती एवढी एकेरी नाही. १९९५ साली जुन्या वस्तूचा भाव शोधणे कठीण होते. दहा वर्षांनंतर शोधयंत्रावर चार शब्द लिहिले की तो समजू लागला. भाव आधीच ठाऊक असेल, तर तो शोधण्यासाठी आठवडाभर थांबण्यात ग्राहकाला स्वारस्य उरत नाही. बदललेल्या सवयींना ‘बाय इट नाऊ’ने वाट करून दिली.

न्यायालयात गेलेले बटण

या बटणाचे मोल किती, याचा अंदाज एका न्यायालयीन लढ्यावरूनही येतो. थॉमस वूलस्टन या संशोधकाने ऑनलाइन विक्रीच्या पद्धतीसंबंधी एकस्वासाठी एप्रिल १९९५ मध्ये, म्हणजे ‘ईबे’च्या जन्माआधी काही महिने, अर्ज केला होता. त्यांच्या ‘मर्कएक्स्चेंज’ या कंपनीने ‘बाय इट नाऊ’मुळे आपल्या एकस्वाचा भंग झाल्याचा दावा केला. २००३ मध्ये व्हर्जिनियातील ज्युरीने ‘ईबे’च्या विरोधात कौल देत साडेतीन कोटी डॉलरची भरपाई ठरवली, न्यायाधीशांनी ती पुढे कमी केली. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. एकस्वाचा भंग सिद्ध झाला म्हणजे मनाई हुकूम आपोआप मिळतो असे नाही, त्यासाठी नेहमीचे चार निकष तपासावेच लागतील, असा निवाडा न्यायालयाने मे २००६ मध्ये दिला. एकस्व कायद्याच्या अभ्यासात तो आजही मैलाचा दगड मानला जातो. अखेर फेब्रुवारी २००८ मध्ये ‘ईबे’ने ही एकस्वे विकत घेऊन तंटा मिटवला.

मनाई हुकूम निघाला असता, तर सर्वाधिक झळ विक्रेत्यांना बसली असती. तोवर असंख्य विक्रेत्यांनी आपला व्यवसाय निश्चित किमतीच्या विक्रीभोवती उभा केला होता. त्यांचे पोट ज्या बटणावर अवलंबून होते, त्याचे भवितव्य त्यांच्या पश्चात ठरत होते. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडण्याची ही किंमत असते.

अडत्याचे हित, विक्रेत्याचे हित

‘ईबे’च्या धोरणाकडे क्रमाने पाहिले, तर ‘बाय इट नाऊ’ ही सुटी घटना नव्हती, हे ध्यानात येते. २००० च्या जूनमध्ये तिने पुस्तके व सीडी निश्चित किमतीला विकणाऱ्या ‘हाफ डॉट कॉम’च्या खरेदीचा करार केला. त्याच वर्षअखेर ‘बाय इट नाऊ’ आले. जून २००१ मध्ये विक्रेत्यांना संकेतस्थळावर आपले ‘स्टोअर’ थाटण्याची सोय झाली. २००२ मध्ये ‘पेपाल’ ही पैसे चुकते करणारी कंपनी दीड अब्ज डॉलरना विकत घेतली गेली. तत्काळ खरेदीला तत्काळ पैशांची जोड मिळाली. टपालाने धनादेश येण्याची वाट पाहण्याचे दिवस सरू लागले. २००५ मध्ये ‘बेस्ट ऑफर’द्वारे घासाघीसही आली. लिलावाचे आवार पायरी-पायरीने दुकानांच्या पेठेत रूपांतरित होत होते.

यात कंपनीचे हित उघड होते. तिची दलाली उलाढालीवर अवलंबून. माल जितक्या लवकर हलेल, तितकी उलाढाल अधिक. शिवाय ‘ॲमेझॉन’ने १९९९ मध्ये लिलाव सुरू करून पाहिला आणि नंतर तो नाद सोडून निश्चित किमतीच्या बाजारमंचावर भर दिला. ग्राहक त्या दिशेला जात असताना ‘ईबे’ला स्वस्थ बसणे शक्य नव्हते. कंपनीचा निर्णय व्यापारी दृष्ट्या चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. परंतु अडत्याचे हित आणि विक्रेत्याचे हित एकाच दिशेने जाते, हे गृहीतक मात्र २००८ साली उघडे पडले.

त्या वर्षाच्या जानेवारीत, मेग व्हिटमन यांच्याकडून मुख्याधिकारीपदाची सूत्रे घेणार असलेल्या जॉन डोनाहो यांनी नवी शुल्करचना जाहीर केली. नोंदणी शुल्क घटवले. मात्र पहिल्या २५ डॉलरवरील दलाली ५.२५ टक्क्यांवरून ८.७५ टक्क्यांवर नेली. त्याचबरोबर विक्रेत्याला ग्राहकाविषयी प्रतिकूल अभिप्राय नोंदवण्यास बंदी झाली. १९९६ पासून विक्रेता आणि ग्राहक एकमेकांविषयी अभिप्राय देत आणि त्यावरच अनोळखी माणसांमधील विश्वास टिकून असे. तो समतोल ढळला, ही विक्रेत्यांची भावना होती. फेब्रुवारी २००८ मध्ये अनेकांनी आठवडाभर माल न मांडता बहिष्कार पुकारला. निर्णय मागे घेतला गेला नाही.

त्याच वर्षी ‘बाय डॉट कॉम’सारख्या मोठ्या किरकोळ विक्रेत्याचा लाखोंचा माल विशेष करारान्वये ‘ईबे’वर आला, तेव्हा छोट्यांचा रोष आणखी वाढला. सप्टेंबरमध्ये निश्चित किमतीच्या वस्तू ३० दिवसांपर्यंत अवघ्या ३५ सेंटमध्ये मांडण्याची मुभा मिळाली. सात दिवसांच्या लिलावाला शुल्क मोजणाऱ्या विक्रेत्याला यातून मिळालेला संदेश स्पष्ट होता. आता पाटी लावणाऱ्यांचे दिवस होते.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. विक्रेत्यांचा राग बटणावर कमी आणि बदलत्या अटींवर अधिक होता. एखाद्याने लिलाव करावा की निश्चित भाव लावावा, हा पर्याय कागदोपत्री त्याच्याच हाती राहिला. परंतु कोणत्या पर्यायाला शुल्क किती, शोध घेतल्यावर कोणाचा माल वर दिसणार आणि कोणाचा तळाशी जाणार, हे कंपनी ठरवत होती. निवडीचे स्वातंत्र्य विक्रेत्याचे, त्या निवडीची किंमत ठरवण्याचा अधिकार मंचाचा, अशी ही विभागणी झाली.

भारतातील अध्याय

या कहाणीला एक मुंबईचा पदरही आहे. अवनीश बजाज आणि सुवीर सुजान यांनी २००० साली सुरू केलेले ‘बाझी डॉट कॉम’ हे भारतातील आघाडीचे लिलावस्थळ होते. ‘ईबे’ने ते २००४ मध्ये सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतले आणि ‘ईबे इंडिया’चा जन्म झाला. एका आक्षेपार्ह ध्वनिचित्रफितीच्या विक्रीवरून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बजाज यांना झालेल्या अटकेमुळे, तिसऱ्याने मांडलेल्या मालाला मंच कितपत जबाबदार, हा प्रश्न देशात प्रथमच ऐरणीवर आला. पुढे २०१७ मध्ये ‘ईबे’ने आपला भारतातील व्यवसाय ‘फ्लिपकार्ट’कडे सोपवला आणि त्या कंपनीत ५० कोटी डॉलरची गुंतवणूक केली. १४ ऑगस्ट २०१८ रोजी ‘ईबे डॉट इन’ बंद झाले.

भारतीय ग्राहकाच्या ऑनलाइन खरेदीच्या सवयी ज्या काळात घडल्या, तोवर निश्चित किमतीचा जमाना आला होता. लिलावाच्या टप्प्यातून आपण फारसे गेलोच नाही. त्यामुळे इचलकरंजीचा कापड विक्रेता असो वा कोल्हापुरी चपलांचा कारागीर, तो ऑनलाइन आला तो थेट भावाची पाटी हाती घेऊन. त्याच्या मालाचे मोल ग्राहकांच्या चढाओढीतून ठरण्याची संधी त्याला मिळाली नाही. आणि शेजारच्या चौकटीत दहा रुपये कमी भावाने तोच माल मांडणाऱ्याशी त्याची रोजची झुंज सुरू झाली. यंत्रावरच्या एकसारख्या मालाला हा न्याय लागू पडेल. हाताने घडवलेल्या, एकासारखी दुसरी नसलेल्या वस्तूला तो लागू पडतोच असे नाही.

हिशेबाची दुसरी बाजू

आज ‘ईबे’वरील बहुतांश व्यवहार निश्चित किमतीने होतात. तरीही लिलाव संपलेला नाही. खेळाडूंची संग्राह्य पत्रे, नाणी, जुनी घड्याळे यांसाठी तो अजूनही चालतो, कारण तेथे भाव आधी कोणालाच सांगता येत नाही. ज्या वस्तूसाठी लिलाव जन्माला आला, तिच्याकडेच तो परतला, असे म्हणता येईल. दरम्यान जे बदलले ते विक्रेत्याचे काम. २००० पूर्वीचा विक्रेता वस्तू शोधून आणी आणि भाव गर्दीवर सोपवी. नंतरच्या विक्रेत्याला भाव सांगावा लागतो, तो टिकवावा लागतो आणि चुकला तर भोगावा लागतो.

म्हणून तत्काळ खरेदीच्या सुविधेला सरसकट दोष देणे किंवा तिचे सरसकट कौतुक करणे, दोन्ही अपुरे आहे. तिने ग्राहकाचा वेळ वाचवला आणि ज्याला भाव ठाऊक होता अशा विक्रेत्याचे भांडवल मोकळे केले. ज्याला भाव ठाऊक नव्हता, त्याच्या हातून मात्र गर्दीचा आधार निसटला, आणि त्याबदल्यात त्याला भाव समजण्याची साधने तितक्याच सहजतेने मिळाली नाहीत. एखाद्या प्रकारचा माल गेल्या काही महिन्यांत कितीला विकला गेला, ही माहिती मंचाकडे इत्थंभूत असते. ती छोट्या विक्रेत्यालाही सुलभपणे आणि विनाशुल्क मिळावी, तसेच दलालीच्या दरात वा मालाच्या क्रमवारीत बदल करण्यापूर्वी त्याला पुरेशी पूर्वसूचना द्यावी, या मागण्या अवाजवी नाहीत.

बाजार समितीत अडत किती घ्यावी, वजन कोणी करावे, पैसे किती दिवसांत चुकते व्हावेत, यासाठी नियम करावे लागले. शेतकरी एकटा आणि व्यापारी संघटित, या विषमतेचा दीर्घ अनुभव त्यामागे होता. ऑनलाइन बाजारमंचावरील छोटा विक्रेताही तितकाच एकटा आहे. त्याने लावलेली भावाची पाटी त्याची स्वतःची असली, तरी ती कोणत्या जागी आणि किती भाड्याने लागणार, हे जोवर दुसराच कोणी एकतर्फी ठरवत राहील, तोवर भाव सांगण्याचा त्याला मिळालेला अधिकार अर्धामुर्धाच राहणार आहे.